एकाच घरांतले खेळगडी

(सदर : घर आणि यंत्रें)

मोठ्या कुटुंबांत सुटीच्या दिवसांत किती मुलें जमलीं आहेत, हें हल्लीं गलबल्यावरून ओळखतां येत नाहीं. तीन भावांचें बिऱ्हाड एकत्र असलें आणि आत्तेभावंडें-मामेभावंडें राहावयास आलीं असलीं, तरी दुपारीं तीनच्या सुमारास घर असें चिडीचिप असतें कीं, पाहुण्यास वाटावें, सारी मंडळी परगांवीं गेली आहे. शोध केल्यास एक मुलगा जिन्याच्या पायरीवर, दुसरा माडीवरच्या खोलींत कानांस हेडफोन लावून, आणि एक मुलगी आजीच्या पलंगाच्या आडोशास, अशीं तीं सांपडतात. सारींच खेळत असतात. पुष्कळदां दोघे चुलतभाऊ एकच खेळ खेळत असतात. परंतु एकमेकांशीं नव्हे. एकाचा गडी कोणत्या देशांतला हें त्यास अंधुकपणें माहीत असतें. दुसऱ्याचा गडी मूल आहे कीं चाळीस वर्षांचा माणूस आहे, हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें.

या स्थितीविषयीं वडील मंडळींचीं दोन मतें आढळतात. पहिलें असें कीं, मोबाइल काढून घ्यावे व कपाटांत कुलुपांत ठेवावे. दुसरें असें कीं, काळच तसा आहे, त्याला कोण काय करणार! पहिला उपाय चार दिवस टिकतो. पांचव्या दिवशीं शाळेचा अभ्यास त्याच मोबाइलवर येतो आणि कुलूप उघडावें लागतें. दुसरा तर उपायच नव्हे. आमचें म्हणणें या दोहोंहून निराळें आहे. खेळ घराच्या मध्यावर आणावा, आणि मुलांस गडी घरांतूनच मिळतील अशी सोय करावी. या सोयीचें साहित्य बहुतेक घरांत आधींच येऊन पडलेलें आहे. तें कसें वापरावें, तें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

जुन्या घरांत खेळाची जागा ठरलेली असे. सोंगट्यांचा पट माजघरांत पसरला जाई, पत्त्यांचा डाव ओटीवर रंगे, आणि कॅरमचा फळा जेथें उजेड चांगला तेथें येई. खेळणारे चार, पण पाहणारे दहा असत. आणि त्या दहांत एखादी आजी हटकून असे, जिचें लक्ष जपमाळेवर असूनहि कोणी कवडी हळूच फिरविली कीं तिला कळे. लबाडी, चिडणें, रुसणें, मनधरणी हें सारें उघड्यावर होई, आणि मुलांचे स्वभाव घरास कळत ते पुष्कळसे तेथेंच. आपल्याकडील पचिशीवरून इंग्लंडांत १८९६ मध्यें पेटंट घेऊन ‘लुडो’ निघाला. तोच लुडो आज मोबाइलवर बसून परत आला आहे, आणि नवी मुंबईच्या एका कंपनीनें २०१६ मध्यें काढलेला ‘लुडो किंग’ ज्यास ठाऊक नाहीं असें घर विरळा. पट बदलला याची खंत आम्हांस फारशी वाटत नाहीं. खेळ माजघरांतून उठून गेला, याची वाटते.

वायफाय निराळें, इंटरनेट निराळें

प्रथम एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. ‘वायफाय’ आणि ‘इंटरनेट’ हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. ‘आज वायफाय नाहीं’ असें म्हणतांना वस्तुतः इंटरनेट नाहीं, असें म्हणावयाचें असतें. इंटरनेट ही बाहेरून घरांत येणारी वाट. वायफाय हें घरांतल्या घरांत यंत्रांस जोडणारें बिनतारी जाळें. भिंतीवर जी दोन-चार शिंगांची पेटी टांगलेली असते, तिला राउटर म्हणतात. ही पेटी दोन कामें करिते. परगांवचें टपाल आणून घरांत वांटणें हें एक, आणि घरांतल्या एका माणसाची चिठ्ठी दुसऱ्यास नेऊन देणें हें दुसरें. बाहेरचा रस्ता बंद पडला, म्हणून घरांतल्या चिठ्ठ्या थांबण्याचें कांहींच कारण नाहीं.

या घरगुती जाळ्यास ‘लोकल एरिया नेटवर्क’ किंवा थोडक्यांत ‘लॅन’ म्हणतात. खेळाच्या वर्णनांत ‘लॅन’ अथवा ‘लोकल मल्टिप्लेअर’ हे शब्द दिसले कीं, समजावें, हा खेळ घरांतल्या घरांत मिळून खेळतां येण्याजोगा आहे. कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील ‘इड सॉफ्टवेअर’ या मंडळीनें डिसेंबर १९९३ मध्यें काढलेला ‘डूम’ हा खेळ तारांनीं जोडलेल्या संगणकांवर चौघांस एकत्र खेळतां येई. वायफायच्या बुडाशीं असलेलें ‘८०२.११’ हें प्रमाण त्यानंतर, १९९७ मध्यें ठरलें, आणि ‘वायफाय’ हें नांव १९९९ मध्यें पुढें आलें. पुण्या-मुंबईकडे २००० नंतरच्या दशकांत सायबर कॅफेंतून ‘काउंटर-स्ट्राइक’चे जे डाव चालत, तेहि याच तऱ्हेचे. तेव्हां घरांतील चाळिशी उलटलेल्या एखाद्या काकांस याबाबत विचारून पाहावें. ते आज कचेरींत कितीहि गंभीर मुद्रेनें बसत असले, तरी हें ज्ञान त्यांनीं कोठें आणि कोणते तास बुडवून मिळविलें, तें त्यांच्या हसण्यावरून कळून येईल.

घरच्या जाळ्याचा मोठा गुण म्हणजे तत्परता. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईहून सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटर. तेथील यंत्रावर खेळ चालू असेल, तर निरोप जाऊन उत्तर परत यावयास, तार अगदीं सरळ आहे असें धरलें तरी, सेकंदाचे ३९ सहस्रांश लागणारच. आणि प्रत्यक्षांत तार सरळ नसते, वाटेंत ठाणींहि असतात, त्यामुळें वेळ याहून अधिक लागतो. चांगल्या स्थितींतील घरच्या जाळ्यांत हाच प्रवास सेकंदाच्या थोड्याशा सहस्रांशांत उरकतो. बटण दाबणें आणि पडद्यावरील बाहुल्यानें उडी मारणें यांत अंतर जाणवत नाहीं. शिवाय बाहेरील इंटरनेट मंद असलें, किंवा महिन्याचा डेटा संपला असला, तरी या खेळास बाध येत नाहीं. मात्र खेळ प्रथम उतरवून घेण्यास, आणि कांहीं खेळांत नांव नोंदविण्यास इंटरनेट लागतें; तेवढें आधीं उरकून ठेवावें.

मांडामांड

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. समजा, घरांत पांच मुलें आहेत. तिघांजवळ मोबाइल, एकीजवळ टॅब्लेट आणि एकाजवळ वडिलांचा लॅपटॉप आहे.

पहिली गोष्ट, पांचहि यंत्रें एकाच वायफायवर आणावीं, आणि मोबाइलमधील ‘मोबाइल डेटा’ बंद करावा. वायफाय चालू आहे पण त्यावर इंटरनेट नाहीं, असें आढळलें कीं, पुष्कळ मोबाइल आपण होऊन कंपनीच्या डेटाकडे वळतात, आणि घरांत फिरावयाचा निरोप बाहेर जाऊं लागतो. ‘व्हीपीएन’ नांवाची सोय कोणी बसविली असेल, तर तीहि खेळापुरती बंद ठेवावी. कारण ती सारें टपाल एका परक्या पत्त्याकडे वळविते. खेळतांना फोनांचा व्यत्यय नको असल्यास ‘एअरप्लेन मोड’ चालू करावा व त्यानंतर फक्त वायफाय पुन्हा चालू करावें.

दुसरी गोष्ट, सर्वांच्या यंत्रांत खेळाची आवृत्ति एकच असावी. एकानें काल नवी आवृत्ति घेतली आणि दुसऱ्याजवळ गेल्या वर्षीची राहिली, तर पुष्कळ खेळ त्या दोघांस एका डावांत बसूं देत नाहींत.

तिसरी गोष्ट, एक यजमान ठरवावा. ज्याच्या यंत्रावर डाव मांडला जातो तो यजमान, इतर पाहुणे. यजमानानें ‘होस्ट’ किंवा ‘क्रिएट’ या शब्दावर बोट ठेवावें; इतरांनीं ‘जॉइन’वर ठेवावें. यजमानाचें यंत्र त्यांतल्या त्यांत दमदार असावें, कारण सर्वांच्या हालचालींचा हिशेब त्यास ठेवावा लागतो. लॅपटॉप असल्यास तोच यजमान करावा, आणि शक्य तर तो राउटरला तारेनें जोडावा. ही जाळ्याची साधी तार १०० मीटरपर्यंत काम देते. घरांत पांच-दहा मीटर पुष्कळ झाली.

चौथी गोष्ट परवानग्यांची. आयफोनांत २०२० पासून, प्रत्येक अॅपला घरच्या जाळ्यांतील इतर यंत्रें शोधूं द्यावयाचीं कीं नाहीं, असें एकदां विचारलें जातें. मुलानें घाईनें ‘नाहीं’ म्हटलें, तर त्यास कोणीच दिसत नाहीं. तें ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’ या भागांत ‘लोकल नेटवर्क’ या नांवाखालीं पुन्हा चालू करतां येतें. विंडोज लॅपटॉपवर घरचें जाळें ‘पब्लिक’ असें नोंदलेलें असेल, तर लॅपटॉप स्वतःस इतरांपासून लपवितो. तें ‘प्रायव्हेट’ करावें, आणि खेळ पहिल्यांदां उघडतांना फायरवॉल जी परवानगी मागते, ती प्रायव्हेट जाळ्यापुरती द्यावी. रेल्वे स्टेशन किंवा उपाहारगृहाच्या वायफायवर मात्र ‘पब्लिक’च योग्य.

खेळ कोणते निवडावे?

सर्व खेळांस घरच्या जाळ्याची सोय नसते. मोबाइलवरील कित्येक प्रसिद्ध खेळ असे आहेत कीं, दोघे भाऊ एका चटईवर बसून एकमेकांविरुद्ध खेळले, तरी प्रत्येक निरोप दूरच्या यंत्राकडे जाऊन परत येतो. म्हणून खेळ घेण्यापूर्वीं ‘लोकल’ हा शब्द आहे कीं नाहीं, तें पाहावें. उदाहरणादाखल कांहीं देतों.

‘सुपरटक्सकार्ट’ हा लहान गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मोफत आहे, त्याची घडण सर्वांस खुली आहे, आणि तो अँड्रॉइड, विंडोज व लिनक्स यांवर चालतो. २०१९ मध्यें निघालेल्या त्याच्या १.० या आवृत्तीपासून जाळ्यावर मिळून खेळण्याची सोय झाली. आठ वर्षांच्या मुलास आणि साठ वर्षांच्या आजोबांस एका शर्यतींत बसवितां येईल, असा हा खेळ आहे. आजोबा पहिल्या वळणावर हमखास भिंतीवर आदळतील; पण तिसऱ्या दिवशीं ते सकाळींच गुपचुप सराव करतांना आढळले, तर आश्चर्य मानूं नये.

‘बॉम्बस्क्वाड’ या खेळांत आठ जणांपर्यंत मंडळी बसूं शकतात. त्याची सोय विशेष अशी कीं, अँड्रॉइड टीव्हीवर डाव मांडून प्रत्येकाच्या मोबाइलचा उपयोग नुसती कळ म्हणून करतां येतो. सारे एकाच मोठ्या पडद्याकडे पाहतात, त्यामुळें दिवाणखान्यांत आपोआप मंडळी जमते. ‘अमंग अस’ या २०१८ सालच्या खेळास किमान चार व जास्तींत जास्त पंधरा गडी लागतात. त्यांत एखाददुसरा गडी छुपा घातकी असतो आणि इतरांनीं चर्चा करून त्यास ओळखावयाचें असतें. चित्रें गमतीचीं असलीं, तरी विषय मारामारीचा आहे. म्हणून फार लहान मुलांस तो देऊं नये. मोठ्या मुलांत मात्र या खेळांतील खरा रंग पडद्यावर नसून समोरासमोरच्या वादांत आहे, आणि वाद घालण्याची विद्या आपल्या घरांतून कधींच लोपलेली नाहीं.

‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांनीं घरें, विहिरी, किल्ले बांधण्याचा खेळ विकतचा आहे. त्याच्या ‘जाव्हा’ आणि ‘बेडरॉक’ अशा दोन जाती आहेत व त्या एकमेकींत मिसळत नाहींत. संगणकावर जाव्हा आणि मोबाइलवर बेडरॉक असल्यास दोघांची गांठ पडणार नाहीं; खरेदीपूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. जाव्हा जातींत डाव चालू असतां ‘ओपन टू लॅन’ हें बटण दाबलें कीं घरांतील इतरांस तो दिसूं लागतो. बेडरॉक जातींत ‘लॅन’वरील खेळाडूंस डाव दिसावा अशी निवड असते. दिवाळींत अंगणांत किल्ला करणाऱ्या मुलांस हा खेळ समजावून सांगावा लागत नाहीं.

आणि ज्या घरांत एकच मोबाइल आहे, तेथें ‘लुडो किंग’मध्यें तोच मोबाइल हातोहातीं फिरवून खेळतां येतें. त्यास वायफायचीहि गरज नाहीं.

यंत्रें एकमेकांस दिसत नाहींत, तेव्हां

बहुतेक घरांतील प्रयत्न येथें फसतो. म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. यजमानानें डाव मांडला कीं त्याचें यंत्र साऱ्या जाळ्यांत हांक मारितें : ‘येथें डाव आहे, येणार का?’ इतर यंत्रें ती हांक ऐकून यादींत डावाचें नांव दाखवितात. नांव दिसत नसेल, तर हांक वाटेंत कोठें तरी अडते आहे, असें समजावें.

अडण्याचें पहिलें ठिकाण म्हणजे पाहुण्यांचें वायफाय. कित्येक राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ असें निराळें नांव दिलेलें असतें, आणि त्यावरील यंत्रांस बाहेरचें इंटरनेट मिळतें, परंतु एकमेकांस पाहण्याची मनाई असते. सुटीस आलेल्या भाच्यांस आपण हेंच वायफाय देतों, आणि मग घरचीं मुलें एकीकडे व पाहुणीं दुसरीकडे असा प्रकार होतो. राउटरच्या सेटिंगमध्यें ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असें कांहीं चालू असेल, तर मुख्य वायफायवरहि हाच परिणाम होतो. तें बंद करावें.

दुसरें ठिकाण म्हणजे माडीवरचा दुसरा राउटर. खालचें वायफाय वर पोहोंचत नाहीं, म्हणून कोणी तरी दुसरी पेटी आणून बसविते. ही पेटी नुसती पोंचवण्याचें काम करील, तर हरकत नाहीं. पण तिनें स्वतंत्र संसार थाटला, तर घरांत दोन जाळीं होतात. हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक यंत्रास राउटर एक पत्ता देतो, तो वायफायच्या तपशिलांत पाहावयास मिळतो. खालच्या मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि वरच्याचा १९२.१६८.१.९ असा असेल, म्हणजे पहिले तीन आंकडे सारखे असतील, तर बहुधा दोघे एकाच जाळ्यांत आहेत. वरच्याचा १९२.१६८.०.९ असा निघाला, तर बिऱ्हाडें निराळीं झालीं असें समजावें. दुसऱ्या पेटीच्या सेटिंगमध्यें ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ निवडला कीं ती पुन्हा एकत्र कुटुंबांत येते. यंत्रांच्या बाबतींत तरी हें एका बटणावर होतें!

एकाच राउटरचीं २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशीं दोन नांवें दिसत असल्यास मात्र भ्यावयास नको. तीं एकाच घरचीं दोन दारें आहेत; एक यंत्र एका दारानें व दुसरें दुसऱ्या दारानें आंत आलें, तरी सहसा त्यांची भेट होते.

खेळ अडखळतो, तेव्हां

डाव दिसतो, सारे आंत येतात, आणि ऐन रंगांत गाडी जागच्या जागीं थबकते. अशा वेळीं इंटरनेट कंपनीस दूषण देण्याची रीत आहे. परंतु दोष पुष्कळदां घरांतल्या हवेंतच असतो. एका वाहिनीवरील वायफाय ही एक सभा समजावी, जेथें एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. खेळाचे निरोप अगदीं त्रोटक असतात. पण त्याच वेळीं एका दालनांत क्रिकेटचा सामना मोठ्या पडद्यावर चालला असेल आणि दुसरीकडे कोणी हजार छायाचित्रें चढवीत असेल, तर त्रोटक बोलणाऱ्यास संधि मिळत नाहीं. टीव्ही राउटरजवळ असल्यास त्यास तारेनें जोडावें, म्हणजे तेवढी हवा मोकळी होते.

दोन दारांचा उपयोग येथें होतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्‌झची सुमारें सहा. पहिली भिंती ओलांडून दूरवर जाते, पण शेजारपाजारच्या सर्व घरांतील वायफाय तिच्यावरच गर्दी करितें. दुसरी वेगवान आहे, पण भिंतींनीं लवकर थकते. खेळणारीं मुलें राउटरच्याच खोलींत असतील, तर ५ वर असावीं. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह शेगडीहि २.४ च्याच आसपास काम करिते. आईनें दूध तापत ठेवलें कीं मुलाची शर्यत हुकते, यांत मुलाची तक्रार खोटी नसते. राउटर कपाटांत, आरशामागें किंवा फ्रिजवर ठेवूं नये. उघड्यावर, उंचावर आणि घराच्या मध्याच्या जवळ ठेवावा. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि नव्या घरांतील लोखंडी सळयांच्या भिंती, दोन्हींतून लहरी कष्टानेंच जातात. म्हणून सर्वांत खात्रीचा उपाय असा कीं, राउटर जेथें आहे, त्याच खोलींत मुलांनीं येऊन बसावें. आणि आम्हांस हवें होतें तें हेंच!

वीज गेली, तर राउटरसाठीं मिळणारा लहानसा बॅटरीचा संच कांहीं तास पुरतो. कोंकणांतल्या आजोळीं इंटरनेटच नसेल, तर शहरांतील अडगळींत पडलेला जुना राउटर सोबत न्यावा. विजेस जोडला कीं त्याचें घरगुती जाळें बाहेरच्या वाटेवांचूनहि उभें राहतें. तोहि नसेल, तर एका अँड्रॉइड मोबाइलचा ‘हॉटस्पॉट’ चालू करून इतरांनीं त्यास जोडून घ्यावें; त्या मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, म्हणजे खर्च होत नाहीं. जाण्यापूर्वीं खेळ मात्र एकदां या पद्धतीनें चालवून पाहावा, म्हणजे कोणता खेळ इंटरनेटवांचून उघडतच नाहीं, तें आधीं कळेल.

घरचे नियम

यंत्रांचें काम येथें संपलें, यापुढचें माणसांचें. जाळें जोडणें अर्ध्या तासाचें काम आहे. पण एकत्र कुटुंबांत तें नीट नांदवावयाचें, तर चार गोष्टी वडिलांनीं आधीं ठरविल्या पाहिजेत.

यजमानपद पाळीपाळीनें फिरवावें. यजमानाच्या यंत्रावर घटना प्रत्यक्ष घडतात, इतरांस त्या क्षणभर उशिरां कळतात. कांहीं खेळांत त्यास हा लाभ नक्कीच मिळतो. जो मुलगा नेहमीं यजमान, तो नेहमीं विजयी, असें झालें कीं भांडण ठरलेलें. त्यापेक्षां नाजुक बाब म्हणजे यंत्रांची असमानता. थोरल्या भावाच्या मुलाजवळ नवा मोबाइल आणि धाकट्याच्या मुलाजवळ फुटक्या पडद्याचा, हें दृश्य एका घरांत असूं शकतें. खेळ अशा वेळीं घरांतील मिळकतीचा हिशेब मुलांच्या पुढें मांडतो, आणि मूल तो कोणास बोलून दाखवीत नाहीं. म्हणून शक्य तों टीव्हीवरचा समाईक पडदा वापरावा, किंवा चांगलें यंत्र खेळापुरतें फिरतें ठेवावें. कमकुवत यंत्रावर सर्वांस सुरळीत चालेल असाच खेळ निवडणें, हें मोठ्या मुलांस शिकवावयाचें सौजन्य आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. डाव रंगांत आला असतां ‘जरा पानें घे’ ही हांक अद्यापि बहुधा मुलीसच येते. तिचा बाहुला पडद्यावर निश्चल उभा राहतो, भाऊ तिला हरवून पुढें जातात, आणि चार वेळां असें झालें कीं तीच म्हणते, मला नाहीं खेळायचें. पुढें आपण सांगतों, मुलींना अशा खेळांची आवडच नसते! पानें घ्यावयाचीं असतील तर डाव सर्वांसाठीं थांबावा आणि पानें सर्वांनीं घ्यावीं. घरच्या जाळ्यावरचा खेळ थांबवितां येतो. परक्यांशीं चाललेला थांबवितां येत नाहीं.

तिसरी गोष्ट पैशाची. खेळांतील दुकान संकेतशब्दाच्या कुलुपांत ठेवावें, आणि गंमत म्हणूनहि पैसे लावून डाव मांडूं देऊं नये. पैशाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला आहे. पण घरास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. द्यूताची कथा आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे.

चौथी गोष्ट वेळेची. ‘एक तास’ असें सांगण्यापेक्षां ‘तीन डाव’ असें सांगावें. अर्ध्या डावांतून उठविलेलें मूल जेवावयास बसतें, पण जेवत नाहीं. आणि मोठ्यांपैकीं एक जण रोज कांहीं वेळ त्या खोलींत असावा. पहारेकरी म्हणून नव्हे, तर जमल्यास गडी म्हणून.

या सोयीनें मुलाचें परक्यांशीं खेळणें एका दिवसांत सुटेल, असें आम्ही म्हणत नाहीं. बाहेर त्यास अधिक तरबेज गडी मिळतात, आणि तरबेज गडी कोणास नको असतात? परंतु एका खोलींत बसून खेळल्यानें त्याचा आवाज घराच्या कानांवर पडूं लागतो. तो हरल्यावर काय बोलतो, धाकट्यास सांभाळून घेतो कीं चिरडतो, कोणत्या शब्दांनीं चिडतो, हें सारें कळूं लागतें. आणि एखाद्या दिवशीं बाहेरच्या खेळांत कोणी परका त्यास नको तें विचारील, तेव्हां तें सांगण्यास त्याच खोलींत, त्याच खेळाची भाषा जाणणारा एखादा काका किंवा ताई आहे, हें त्यास ठाऊक असेल. अशी गोष्ट मुलें अनोळखी विषयाच्या माणसास सांगत नाहींत.

येत्या रविवारीं प्रयोग करून पाहावा. प्रथम दोनच यंत्रें जोडावीं, मग तिसरें, मग चौथें. म्हणजे अडचण कोणत्या यंत्रांत आहे तें लगेच कळतें. पुढील महिन्यांत, अडगळींत पडलेल्या जुन्या मोबाइलांचा घरांत काय काय उपयोग करतां येतो, त्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे.